ढवळीसाठी आलेलं गवत

येरमाळ्याहून कोसभर आत गेलं की माळावर काटेरी तारेचं कुंपण लागायचं. आत ना विहीर, ना पीक, नुसतं गवत. आणि त्या गवतावर पगारी राखणदार, मच्छिंद्र. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात माणसाला पाणी नव्हतं आणि गवताला पहारा होता, म्हणून गाव लई हसलं. कुसळांनाही आता शिपाई लागतो, असं आबाराव पारावरून म्हणायचे.

मच्छिंद्र मनावर घ्यायचा नाही. पुण्याहून येणाऱ्या शिवशरण साहेबांनी काम समजावलं होतं आणि ते त्याला त्याच्या परीनं पक्कं समजलं होतं. आभाळात उपग्रह फिरतो आणि कुठल्या माळावर किती उगवलं ते वरूनच सांगतो. म्हणजे बांधावर न उतरता पिकाची पैसेवारी लावणाऱ्या तलाठ्यासारखंच. तर तो खरं सांगतो की थापा मारतो, हे खाली गवत कापून, तोलून ताडायचं. जनावरानं तोंड लावलं की हिशेब बिघडला. म्हणून कुंपण, म्हणून मच्छिंद्र.

साहेब महिन्याकाठी जीपनं येत आणि माळावर लोखंडी चौकट टाकत. तिच्या आत येईल ते मच्छिंद्रनं मुळाशी कापायचं, कागदी पिशवीत भरायचं आणि पिशवी पुण्याला. तिथं भट्टीत खडखडीत वाळवून वजन करायचं. पिशवी जीपमध्ये ठेवताना मच्छिंद्र कुंपणाकडं बघायचं टाळायचा, कारण कुंपणाबाहेर ढवळी उभी असायची.

ढवळी त्याची गाय. त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं, रोजगार हमीची खडी फोडून घेतलेली. बऱ्या दिवसांत तिचं दूध गावच्या सोसायटीत जायचं, आणि सुमनबाई किटली घेऊन रांगेत अशा तोऱ्यात उभी राहायची, जणू सोसायटीची चेअरमनच. आता सोसायटीला कुलूप होतं, आणि ढवळीच्या अंगावर पाणी ओतलं असतं तर फासळ्यांच्या सऱ्यांतून वाहिलं असतं.

"एक सांज सोडा की आत तिला. कोण बघतंय?" सुमनबाई म्हणाली.

"वरनं बघतंय की," मच्छिंद्र म्हणाला. मग हळूच, "आन् वजन खोटं पडलं, तर आपल्या भागाचं खरं कुणाला कळावं?"

सुमनबाईनं ढवळीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला घराकडं वळवलं.

शेवटी धीर करून त्यानं साहेबांना विचारलं, वजन झाल्यावर त्या गवताचं काय करता? वर्षअखेरीला टाकून देतो, साहेब म्हणाले.

"मग टाकायच्या आधी आमच्या गाईसाठी ठेवता का?"

साहेब हसले. मग कुंपणाबाहेर बघितलं आणि हसू विरलं. "पाठवतो, मामा."

फाल्गुनात ढवळी उठवणीला आली. बसलेलं जनावर आपलं आपण उठत नाही, पोटाखाली फळी घालून चौघांनी उचलावं लागतं, त्यातली गत. फळी धरायला रोज सकाळी सगळ्यात आधी कोण, तर आबाराव. एवढ्या मानानं तर आमच्या घरी जावयालाही कुणी उठवत नाही, असं ते ढवळीला ऐकवायचे. उभी राहिली की ती सुमनबाईच्या खांद्यावर मान टाकायची. एका सकाळी उचललं, पण पाय टेकेनात. तिला अलगद खाली ठेवलं. संध्याकाळी खड्डा खणायलाही सगळ्यात आधी आबारावच आले.

पुढच्याच आठवड्यात, येडाई देवीच्या यात्रेच्या गर्दीत, कंडक्टरनं येरमाळ्याच्या स्टँडवर एक पोतं उतरवलं. आत वर्षभराच्या सगळ्या पिशव्या. गवत इतकं वाळलेलं की मुठीत चुरा व्हायचा. सुमनबाईनं मूठभर नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं. मग पोत्याचं तोंड बांधून म्हणाली, शेजारच्या सारजाबाईच्या म्हशीला नेऊन घाला. मच्छिंद्रनं नेलं, आणि म्हशीनं शेवटची काडी खाईपर्यंत तिथंच उभा राहिला.

पुढच्या खेपेला साहेब जीपमधून जवळजवळ उडी मारूनच उतरले. वरचा आकडा आणि खालचा आकडा जुळला होता. दोन्हीकडून तेच निघालं होतं, या भागात चारा नाही. आनंदानं त्यांनी हे सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "आणि मामा, गवत पोचलं ना? खाल्लं का गाईनं?"

"खाल्लं की. एक काडी ठेवली न्हाय."

"आहे कुठं ती?"

"पल्याडच्या रानात सोडलीया."

सुमनबाई चहा घेऊन आली. कोरा. साहेबांनी कपात बघितलं.

"दूध आटलंय सध्या," ती म्हणाली, आणि गोठ्याकडे पाठ करून उभी राहिली.

साहेबांनी तिच्यामागचा रिकामा गोठा बघितला, मग चहा तळापर्यंत प्यायला. माळावर गेल्यावर मच्छिंद्रच्या हातातला विळा मागून घेतला आणि त्या दिवशीचं गवत स्वतःच कापलं. वेडंवाकडं. मच्छिंद्र शेजारी उकिडवा बसून, राहिलेली काडी न काडी वेचून पिशवीत टाकत होता.