मूठ उघडायची होती

"हा चेंडू कोणी दिला?" मी विचारलं.

"पोराचाच आहे, बाई. दिवसभर दाबून राहिलो. पाहा, कशी पकड आली!" शामराव खुशीत म्हणाले.

पकड आली होती, पण मूठ सुटत नव्हती.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. शामराव भंडाऱ्याकडचे, कामाने रिगर, म्हणजे क्रेनला ओझी बांधणारे. क्रेनच्या ऑपरेटरला खालचा आवाज ऐकू जात नाही, म्हणून रिगर हाताने खुणा करतो. डाव्या हातात ओझ्याचा दोर, उजव्याने खूण. उघडा तळवा म्हणजे थांब.

त्यांना लकवा झाला. पाय सुधारला, उजवा हात राहिला. दोन महिन्यांनी मेडिकल बोर्ड होतं. हात उघडला नाही तर क्रेनवरचं काम जाणार होतं.

लकव्यानंतर बोटं मिटणारे स्नायू ताठरतात. जोर हवा असतो तो उघडणाऱ्यांना. निदान आम्ही तसंच शिकलो होतो. चूक माझीच होती. "घरी व्यायाम करा" एवढंच मी म्हणाले, कोणता ते दाखवलं नाही.

चेंडू काढून घेतला. रोज गरम मेणात हात शेकायचा, मनगट वाकवून अंगठा हळूच बाहेर ओढायचा, मग लाकडी पट्टीवर तळवा बांधायचा. तीन आठवडे गेले. मी "उघडा" म्हटलं, तरी बोट हलायचं नाही. मग एकदा मी दवाखान्याच्या गच्चीवर गेले.

"मी क्रेन. तुम्ही खाली. खुणा करा."

"बाई, तुमी क्रेन? एवढूशी?" ते हसले. पण हात वर गेला आणि दोन बोटं सुटली.

त्यांची बायको कौसल्याबाई पायरीवर बसलेल्या असत. "आता घरी मलेही थांब-थांब करून राहिले," त्या म्हणाल्या. "आयकते कोण?"

बोर्डासमोर चार बोटं उघडली. अंगठा आतच राहिला. डॉक्टर म्हणाले, "छान आहे, फिट." फोरमनलाही माणूस हवा होता.

"नाही साहेब," शामराव म्हणाले. "वरून अंगठा आत दिसला तं ऑपरेटर थांब समजीन का अजून काही? खाली माणसं रायतेत. मले टूलरूम द्या."

"अरे, चालून जाईल!" फोरमन म्हणाला.

"कावून? कशाले चालवायचं?"

मला राग आला होता. दोन महिन्यांची मेहनत होती. बाहेर आल्यावर मी त्यांना मागे टाकून भराभर निघून गेले.

टूलरूमच्या खिडकीतून ते बरीच वर्षं दोर, साखळ्या देत राहिले. मी तिकडून गेले की बाहेर येऊन हात दाखवत. गेल्या महिन्यात कौसल्याबाईंचं पत्र आलं, ते गेल्याचं. त्या दिवशीचा माझा राग चुकीचा होता, तेवढं शामरावांना सांगायचं राहून गेलं.

हात किती उघडला ते मी मोजू शकते. तेवढा पुरतो का, हे ज्याला तो वापरायचा आहे त्याला विचारावं.