साहेबांनी पाणी शेंदलं

"मुनशी, 'ड्रॉ'ला मराठीत एक शब्द सांगा. एकच!" साहेबांनी वही टेबलावर आपटली.

मी तेव्हा बुलढाण्याच्या कचेरीत मुनशी होतो. विलायतेहून आलेल्या साहेबांना मराठी शिकवायचं आणि सरकारी परीक्षेला बसवायचं, हे माझं काम. हे साहेब दोनदा नापास झालेले. हेडक्लार्कनं बजावलंच होतं, "आता साहेब पडले, तर तुमची बी सुट्टी समजा."

'ड्रॉ' हे जुनं, कष्टाळू इंग्रजी क्रियापद. गाडी ओढायला तेच, विहिरीचं पाणी शेंदायला, तलवार उपसायला, रेघ मारायला, दात उपटायला, पगार उचलायलाही तेच. साहेबांनी मागच्या पेपरात सगळ्यालाच 'ओढणे' लावलं. दात ओढला, पगार ओढला, चित्रही ओढलं. मग मी याद्या पाठ करून घेतल्या, पण ऐन वेळी एक शब्द आठवेल तर शपथ!

मी याद्या फाडल्या आणि साहेबांना पिंपळगाव राजा या गावच्या विहिरीवर नेलं. तिथे गोदाबाई नावाची म्हातारी पाणी भरत होती.

"माय, साहेबाले जरा दोर दे."

"काऊन? याले घरी पाणी भेटत नाही का?"

साहेबांनी कोट काढला. बादली वर आली, पण अर्धं पाणी बुटांत गेलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"दोन्ही हातानं शेंद, बाबा!" गोदाबाई म्हणाली.

"शेंदतो, शेंदतो!" साहेब ओरडले. मला नाचावंसं वाटलं.

महिनाभर हेच चाललं. सुताराकडे रेघ मारली, खजिन्यात पगार उचलला. दात मात्र दुसऱ्याचा उपटताना पाहिला.

तोंडी परीक्षेला परीक्षक पुण्याकडचे. बाजारातून आणलेल्या एका शेतकऱ्याशी साहेबांनी बोलायचं होतं. मी उघड्या दाराबाहेर उभा. परीक्षक म्हणाले, "यांच्या विहिरीबद्दल विचारा."

 

साहेब उठले आणि शब्द आठवायला रिकाम्याच हातांनी दोर ओढू लागले. एकदा, दोनदा. "दादा, पाणी मोटेनं काढता, का हातानं शेंदता?"

"कायची मोट, सायेब! बैल म्हातारा झाला. हातानंच शेंदून राह्यलो."

मग बैलाचं वय निघालं, त्याच्या गुडघ्यांचं दुखणं निघालं. दोघं थांबेनात. शेवटी परीक्षकांनीच हात जोडले. "बोलणं खेडवळ आहे. पण पास!"

साहेबांनी गोदाबाईला पेढे पाठवले. तिचा निरोप आला, "पास झाला ना? मंग आता रोज पाणी भरून दे म्हना."

त्यानंतर मी कुणाला याद्या दिल्या नाहीत. नवा साहेब आला की पहिला प्रश्न एकच विचारायचो, "बूट भिजले तर चालेल ना?"