एकवीस बळी आणि एक चूक

वाळूजच्या आमच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, मी. माझा चेंडू इतका जोरात जायचा, की तो पोचला तरी त्याचा आवाज अजून माझ्या हातातच असायचा. हे मी चहाच्या टपरीवर रोज सांगायचो आणि लोक हसायचे. हसायचा नाही तो एकटा पिशोरचा गडी. माझ्याच शिफ्टला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होता आणि मैदानात पार मागं, मधोमध उभा राहायचा. घरची मेंढरं वळून त्याचा हात तयार झालेला. भरकटलेल्या मेंढीच्या नाकापुढं खडा पडायचा, पण मेंढीला लागायचा नाही. माझे ते जोरदार चेंडू बॅटला लागून पुढं कुठं जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणायला तोच पळायचा.

राज्याच्या संघात आमच्यातला एकच जण जाणार होता, तो किंवा मी. दोघंही तिशीला टेकलेलो. पुढच्या वर्षी आम्हाला कुणी विचारणार नव्हतं. निवड करणारे सर शेवटच्या सामन्याला नव्हतेच. रविवारी ते स्कोअरशीट बघून नाव ठरवणार होते.

शीट लिहायचे पडेगावचे एक काका. त्यांची सगळी हयात क्रिकेटचा स्कोअर लिहिण्यात गेलेली. बेसबॉललाही त्यांनी तेच रकाने आखले: बळी, धावा, चुका. शुक्रवारी मी शीट पाहिलं. सात डावांत तीन-तीन करून समोरचे बाद झालेले एकवीसच्या एकवीस गडी माझ्या नावावर. पिशोरवाल्याच्या ओळीत फक्त ‘चूक: एक’.

मी फोटो काढला आणि टपरीवर फिरवला. त्यानंही पाहिला, कप ठेवला आणि कामावर गेला.

तिथून माझं बूड काही टेकेना. शनिवारी शिफ्टमध्ये मी पाणी प्यायला इतक्या वेळा उठलो, की सुपरवायझरनं टाकीला गळती आहे का ते बघायला माणूस पाठवला. कारण ती चूक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. चेंडू डावीकडं, भलत्याच लांब गेला होता. हा मधून सुटला, इतका पळाला की माझ्या हिशेबानं दौलताबादचा किल्ला ओलांडून परत आला, आणि आडवा पडून त्यानं बोटं लावली. चेंडू निसटला. डावीकडचा खेळाडू कमरेवर हात ठेवून हे बघत होता. त्याच्या चुका शून्य.

रविवारी सकाळी काकांच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन मी गाडी वळवली. तिसऱ्यांदा ते ओट्यावरून म्हणाले, “आज आत येणार, का नुसतं पेट्रोलच जाळणार?”

मी आत गेलो. म्हणालो, काका, झेल त्यानं घेतलेत. काका म्हणाले, झेल कुणीही घेवो, बळी बॉलरचाच. पन्नास वर्षं असंच लिहितोय. मग आम्ही एकेक गडी आठवत बसलो. बॅटला चेंडू लागूच न देता मी बाद केलेले निघाले पाच. त्यानं पळून झेललेले नऊ. उरलेल्या सात जणांवर मी भांडलो: चेंडू मी फसवा टाकला, म्हणून तर तो हळू आला आणि जवळच्यांनी उचलून, पळणारा पोचायच्या आत बेसवर फेकला.

“मग निम्मा तुझा?”

“निम्म्याहून जरा जास्त.”

काकांनी निम्माच दिला. मग त्या चुकीवर पेन ठेवलं. हाताला लागून सुटला म्हणजे चूकच, असं त्यांचं म्हणणं.

“काका, तो पळाला म्हणून तर हाताला लागला. जो जागचा हललाच नाही, त्याची चूक कधी लिहिणार तुम्ही?”

काकांनी कोरा कागद काढला आणि पट्टीनं नवे रकाने आखायला घेतले. तो कागद सरांकडं मीच पोचवला. वाटेत तीनदा गाडी थांबवून वाचला. माझे आकडे काही वाढले नव्हते.

नाव त्याचं लागलं. बसस्टँडवर त्याला सोडायला मीच गेलो. गाडी हलली तसं त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

“तू जरा बरे बॉल टाकले असते न, तर मला यवढं पळावं लागलं नसतं.”

त्या दिवशी पहिल्यांदा तो हसला. मी मात्र गाडी दिसेनाशी झाली तरी स्टँडवर येरझाऱ्या घालत होतो, उजवा हात नुसता शिवशिवत होता.

हल्ली टपरीवर मी सांगतो, की त्याला राज्याच्या संघात मीच धाडला. मुद्दाम तसले बॉल टाकायचो.