मोहोराखालची गाडी

श्रीपती बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो, असं त्याची बायको राही म्हणते. ही तक्रार नाही. नवऱ्याचा धंदाच गार करण्याचा, त्यात चहाही आला, इतकंच तिचं म्हणणं. जयगडच्या रस्त्याला त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. उमेदीची वर्षं मुंबईत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढून तो गावी परतला. मुलगा सागर तोच धंदा शिकला आणि मुंबईतच राहिला. गणपतीला येतो, शिमग्याला येईन म्हणतो.

श्रीपतीला एक खोड आहे. मशीन उघडायच्या आधीच रोग सांगून मोकळा होतो. बहुतेकदा तो बरोबर निघतो, आणि चुकला की त्या मशीनमध्येच काहीतरी खोट असते.

त्याची ही खोड जिरवली ती उमाकाकूंच्या गाडीने. गाडी खरं तर त्यांच्या मुलाची, सलिलची. काका गेल्यापासून काकू कलमांच्या बागेत एकट्याच राहत होत्या. गेल्या दिवाळीनंतर सलिल पुण्याची नोकरी सोडून आला आणि येताना कॅम्पर व्हॅन घेऊन आला. आत झोपायला पलंग, शेगडी, मोरी आणि टपावर एसी. पाहुण्यांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, जिथे आवडेल तिथे मुक्काम करायचा, असा त्याचा बेत. काकूंना त्यातलं फारसं कळलं नव्हतं. पोरगा घरी जेवायला असतो, एवढं कळलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

पण एसी धड चालेना. सकाळी झकास गार, दुपार झाली की गरम वारा. कॉम्प्रेसर आपला आपण बंद पडायचा आणि मर्जी झाली की सुरू व्हायचा. काकूंनी श्रीपतीला बोलावणं धाडलं.

"श्रीपती, नीट बघ हो," गाडीपाशी नेताना त्या हळूच म्हणाल्या. "ही गाडी चालली तर तो इथे राहील. नाही चालली तर पुण्याचे लोक बोलवतायत त्याला परत. मला सांगत नाही, पण फोनवर बोलताना ऐकलंय मी."

पोरगं परत जाणं म्हणजे काय, हे श्रीपतीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडी दारातल्या हापूसच्या कलमाखाली उभी होती. त्या कलमाइतकी गर्द सावली अख्ख्या बागेत नव्हती आणि घरातली विजेची वायरही तिथवरच पोचत होती. फांद्या मोहोराने लदलेल्या, पार टपावर टेकलेल्या. श्रीपतीने वर चढायला शिडी मागितली.

"शिडीबिडी नाही लावायची," काकू म्हणाल्या. "मोहोर झडेल."

आता मोहोर म्हटल्यावर आमच्याकडे पुढे बोलणं नसतं. कुणी वादही घालत नाही, कारण ऐकणाऱ्याच्याही परसात दोनचार कलमं असतातच. श्रीपतीलाच शिडी मागितल्याची लाज वाटली. त्याने आतूनच छताचं झाकण काढून बघितलं. फिल्टर स्वच्छ होता.

"व्होल्टेज," त्याने निदान ठोकलं. "दुपारचा सगळ्यांचा पंखा, पंप चालू होतो. तुमची वायर बारीक, मशीनला ताकद कुठनं मिळनार?"

जाड वायर टाकली. तोवर संध्याकाळ झाली होती, गाडी मस्त गार पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गरम वारा. श्रीपती पुन्हा आला आणि या खेपेला कॉम्प्रेसर सुरू करणारा कपॅसिटर दोषी ठरला. तोही आतूनच हात घालून बदलला. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा गारवा, पुन्हा श्रीपतीचं व्याख्यान. सलिलचा जीव भांड्यात पडला आणि त्याने पहिले पाहुणे घेतले.

हर्णैला ओळखीच्या एका अंगणात वीज घेऊन गाडी लावली होती. भर दुपारी एसीने मान टाकली. पाहुण्यांचं लहान मूल घामाने निथळत रडायला लागलं, तसे ते सामान उचलून लॉजवर गेले. सलिल रिकामी गाडी घेऊन घरी आला आणि न जेवता झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी सावलीतून काढून लख्ख उन्हात, पार कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी नेऊन उभी केली आणि चारही बाजूंनी तिचे फोटो काढले. विकायची तर फोटो चांगले हवेत.

काकूंनी या खेपेला निरोप धाडला नाही. त्या स्वतः दुकानात आल्या.

"विकायला काढलीन गाडी," एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या.

श्रीपती हत्यारांची पेटी उचलून निघाला. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

गडग्यापाशी गाडीवर एकही फांदी नव्हती. श्रीपतीने शिडी लावली, टपावर हात टेकला आणि तळवा तिथेच चिकटला. एसीचं प्लास्टिकचं झाकण उघडलं, तर आतली जाळी दिसेचना. बाहेर गरमी टाकायची ती ॲल्युमिनियमची जाळी. तिच्यावर काळपट चिकट थर, त्यात धूळ आणि झडलेला मोहोर असा गच्च बसलेला की जणू चिक्कीच थापलीय. वारा जाणार कुठून? सकाळ-संध्याकाळ कसंबसं निभायचं, दुपारी मशीन गुदमरायचं.

"काकू, यावर कुणी सरबत सांडलंय काय?" त्याने वरूनच विचारलं.

"टपावर कोण पितंय सरबत? खाली दे बघू."

त्याने खरवडून दिलेला तुकडा काकूंनी बोटांत चोळला, वास घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अरे, हा तुडतुड्याचा चिकटा. मोहोरावरचे तुडतुडे रस पितात आणि खाली गळवतात. झाडाखालची पानं नाही का काळी पडत?" त्या कलमाकडे बघत राहिल्या. "मीच लावायला सांगितली रे इथे. दारात असली की बरं वाटायचं."

"आनि शिडी नको म्हनताच मी गप बसलो," श्रीपती म्हणाला. "आत बसून डॉक्टरकी केली. धंदेवाला तर मी ना?"

मग मात्र त्याला जोर आला. विजेच्या भागावर प्लास्टिक बांधलं. बागेत औषध मारायच्या पंपाची वास लागलेली टाकी चालणार नव्हती, म्हणून काकूंनी कोरा पंप काढून दिला. साबणाचं पाणी आतल्या बाजूने हलकेच मारलं, म्हणजे घाण बाहेरच्या अंगाने पडावी. जाळीच्या वाकलेल्या पात्या श्रीपतीने राहीच्या जुन्या फणीने सरळ केल्या. काळं पाणी ओघळत होतं आणि सलिल खाली उभा राहून ते बघत होता.

ऐन दुपारी, भर उन्हात, वायरीला वायर जोडून एसी सुरू केला. तिघंही आत बसली. मशीन बंद पडायची वाट बघण्याची सवयच झाली होती. ते पडलं नाही. शेवटी काकूंनी पदर खांद्यावरून लपेटून घेतला आणि म्हणाल्या, "सलिल, माझी शाल आण हो." तो शाल आणायला म्हणून घरात गेला आणि विक्रीचे फोटो मोबाइलमधून पुसून आला.

गाडी चालली. चालली म्हणजे अशी की उन्हाळ्यात ती थांबेचना. एक पाहुणे उतरले की दुसरे चढायचे. मे महिन्यात श्रीपती काकूंकडे गेला, तर दार पुढे ओढलेलं आणि ओटीवर त्या एकट्याच आंबे निवडत बसलेल्या.

"सलिल कुठं?"

"काल दापोलीला होता. आज कुठे असेल, देव जाणे. जेवायला असतो कुठे आताशा?" त्यांनी त्याच्या पिशवीत चांगले बघून आंबे घातले. "तुझे उपकार आहेत हो. फारच छान दुरुस्त केलीस."

त्यांच्या आवाजात बोल लावल्याचा सूर नव्हता, म्हणूनच श्रीपतीला ते जास्त लागलं. दुकानात येऊन त्याने सलिलला फोन लावला.

"दर महिन्याला जाळी धुवायला लागंल. खारा वारा खातो तिला."

"धुतो की श्रीपतीकाका. पंप ठेवलाय मी गाडीत."

"तू नाय धुवायची. मी धुनार, तुझ्या दारात. आनि मग दोन रात्री गाडी हलवायची नाय."

"दोन रात्री? त्या कशाला?"

श्रीपतीने दुकानात दोरीवर टाकलेल्या ओल्या फडक्याकडे बघितलं.

"वाळायला," तो म्हणाला.

चहा पिऊन होईपर्यंत वाळते ती जाळी. सलिलने ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"बरं," तरी तो म्हणाला. "आईला सांगा, शनिवारी येतो."

श्रीपतीने फोन खाली ठेवला. सागरलाही असंच काहीतरी सांगून बोलवावं असं त्याच्या मनात आलं. पण सागर त्याच धंद्यातला. जाळी वाळायला किती वेळ लागतो, ते त्याला बापाइतकंच ठाऊक होतं.