अक्कांचा शनिवारचा तास

अक्का उघड्या पानावर घडीचा नॅपकिन पसरायच्या आणि म्हणायच्या, "झालं वाचून? आता मला नको, यांना सांगा."

'यांना' म्हणजे शेजारी बसलेलं कुणीही, फक्त त्यानं तो उतारा वाचलेला नको. वाचणाऱ्यानं त्याला तो आपल्या शब्दांत सांगायचा. मग ऐकणाऱ्यानं आपल्याला काय कळलं ते उलट सांगायचं. दोन्ही जुळलं तर पुढचा उतारा. नाही जुळलं तर चूक सांगणाऱ्याची, आणि त्यानं पुन्हा सांगायचं. अक्कांच्या तासाला ऐकणाऱ्याची चूक कधीच नसायची. मला हे पहिल्यापासून खटकलं.

मी हायस्कुलात अडतीस वर्षं मराठी शिकवलं. सारांश म्हणजे उताऱ्याचा एक तृतीयांश, पदरचं काही घालायचं नाही, मूळ वाक्य उचलायचं नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा. निवृत्तीनंतर दहावीचे वर्ग घेतो, आदर्श उत्तरांचं माझं पुस्तक आहे. आणि अक्का? तेलुगू शाळेत सातवीपर्यंत, नंतर घरी बसून कशीबशी मॅट्रिक, मग दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत आयुष्य काढलेलं. मराठी बोलताना अजून एखादा शब्द अडायचा. अशा बाईंनी सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागातल्या वाचनालयात शनिवारी पाच ते सहा 'आपल्या शब्दांत सांगा' असा तास सुरू करायची परवानगी मागितली, तेव्हा मी कार्यकारिणीत होतो. ठरावावर हसत हसत सही केली. चार शनिवार चालेल, असा माझा अंदाज होता.

दोन महिन्यांत सतरंज्या कमी पडायला लागल्या. पाचवीतली मुलं, यंत्रमागावरचे कामगार, दुधनीहून लग्न होऊन आलेली आणि घरात कानडीच बोलणारी एक सून, आणि मुलाकडे राहायला आलेल्या मोडनिंबच्या आजी. आजींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे ऐकायला त्या सगळ्यांना हव्या असायच्या. "आजींना कळलं म्हणजे झालं," असं पोरं म्हणायची. इतक्या वर्षांत माझ्या वर्गाबद्दल असं कुणी काही म्हटलेलं मला आठवत नाही.

एकदा मी कपाटातलं पुस्तक शोधायचं निमित्त करून हॉलमध्ये रेंगाळलो. दहावीतली एक मुलगी औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचत होती. ती माझ्याही वर्गाला यायची, हुशार होती. अक्कांनी कागदावर नॅपकिन टाकला. मुलगी आजींना म्हणाली, "हे औषध प्रकाशापासून दूर ठेवावे."

आजींनी मान डोलावली आणि उलट सांगितलं, "म्हंजी अंधारात प्यायचं."

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. "आजींनी बरोबर सांगितलं. त्यांना जे मिळालं तेच सांगितलं की. तू पुन्हा सांग."

मुलगी आजींकडे सरकली. मग म्हणाली, "आजी, बाटली खिडकीत ठेवू नका. ऊन लागलं तर औषध खराब होतं. कपाटात ठेवा, आणि प्या कधीपण."

"आसं बोल की गं!" आजी म्हणाल्या.

मला हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. अक्कांना हे कुठून आलं ते पुढे कळलं. वडील मागावर, आई विड्या वळायची, दोघांनाही मराठी वाचता येत नव्हतं. लहानपणी पेपर वाचून त्या आईला तेलुगूत सांगायच्या, आणि आईनं "एमी?" असं विचारलं की पुन्हा सांगायच्या. एमी म्हणजे काय. पुढे केसपेपरच्या खिडकीतही तेच केलं. मला वाटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे? आणि वाटलं, हे मला का नाही सुचलं?

खरा चटका पुढेच होता. त्याच मुलीनं एक दिवस माझ्या वर्गात हात वर केला. माझ्याच पुस्तकातलं आदर्श उत्तर तिच्यासमोर होतं: 'प्रस्तुत पाठातून मानवी मूल्यांच्या चिरंतनत्वाची प्रकर्षाने प्रचीती येते.' ती म्हणाली, "सर, हे आजींना सांगायचं झालं तर कसं सांगायचं?"

मी वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. कितीतरी बॅचेसनी हे वाक्य लिहून गुण मिळवले होते, आणि त्याचा अर्थ मला सांगता येईना. "परीक्षेत आजी नसतात," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली, पण घरी जाईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यात आमची ही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, मी बोलायचं आणि तिनं ऐकायचं, अशी आमची घडी बसलेली. तीही अक्कांच्या तासाला जायला लागली. एका शनिवारी परत आली आणि पायातली चप्पल काढता काढता अंतराळयानाबद्दल मला दहा मिनिटं सांगत राहिली. छान सांगत होती. मला सगळं कळलं. मी म्हणालो, "भाजी काय आहे?"

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. पुढच्या बैठकीत मी विषय मांडला, की दहावीच्या मुलांना जादा मार्गदर्शनाची गरज आहे, सबब हॉल मिळावा. वार शनिवार, वेळ पाच ते सहा. आठवड्यात हॉल मोकळा असण्याच्या कितीतरी वेळा होत्या, हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण मी सर. माझ्यापुढे कोण बोलणार?

अक्कांना निरोप मी स्वतः दिला. त्या म्हणाल्या, "मुलांची परीक्षा आहे की. आम्ही बसू बाहेर." आणि गॅलरीत, चपलांच्या रॅकशेजारी, त्यांनी सतरंजी टाकली. दोन वर्षं त्या तिथं बसल्या. उन्हाळ्यात ती गॅलरी कशी तापते हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. मी आत पंख्याखाली समास सोडवायचो, बाहेर हशा पिकायचा, आणि माझ्या वर्गाचे कान दाराकडे असायचे. खरं तर माझेही.

यंदा अक्कांची दृष्टी अधू झाली. हैदराबादला मुलगी असते, तिनं कायमचं बोलावून घेतलं. वाचनालयात छोटा निरोप समारंभ ठेवला. भाषण अर्थातच माझं. मी लिहून नेलं होतं: 'अक्कांच्या निरलस ज्ञानसेवेप्रती माझ्या अंतःकरणात सदैव एक अनामिक भाव वसत आला आहे.' टाळ्या झाल्या. मी बसणार तोच समोरून आजी म्हणाल्या, "सर, न्हाय कळलं."

त्या तासाचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. मी म्हणालो, "म्हणजे, आजी, मला अक्कांबद्दल फार आदर वाटत आला."

आजींनी विचार केला आणि आपल्याला कळलं ते विचारलं, "मंग त्यास्नी भाईर का बशिवलं?"

मी भाषणाच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. बायको पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला सोडवायचा तिचा काही विचार दिसला नाही.

"आजी, मी यांच्यावर जळत होतो," मी म्हणालो. "लोक माझ्याकडं न येता यांच्याकडं जायला लागले, ते मला बघवेना. म्हणून हॉल काढून घेतला."

आजी अक्कांकडे वळल्या आणि नेहमीच्या शिस्तीनं उलट सांगितलं, "सर म्हंत्यात, तुमच्यावर लई जळत हुते. म्हून तुमाला चपलांपाशी बशिवलं."

अक्कांनी मला विचारलं, "बरोबर सांगितलं का आजींनी?"

"बरोबर."

"मी आपली समजत होते, मुलांना जागा पुरत नसेल," अक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतं, तर आत मिळून बसलो असतो की, सर."

रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रिक्षा दाराशी आली. आजी अक्कांच्या गळ्यात पडून रडल्या, ती मुलगी रडली, दुधनीची सून रडली, आमच्या हिनंही डोळ्याला पदर लावला. मी बॅग रिक्षात ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. वाईट मलाही वाटत होतं. पण त्या घोळक्याकडे बघताना, मी जाईन तेव्हा असं कोण रडेल, हे मनात आलंच, आणि अक्कांचा मला पुन्हा एकदा हेवा वाटला. हे घरी अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतोय.