कपाळ किती लांब

बायकोच्या उजव्या डोळ्यातली रक्तवाहिनी बंद झाली आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. डावा डोळा चांगला होता. वाचता येत होतं, खाडीपलीकडचे दिवेही दिसत होते. पण चहा ओतला की कपाऐवजी बशीत पडायचा.

"लांबचं सगळं जागेवर आहे हो," ती म्हणाली, "हाताजवळचंच सरकलंय."

डॉक्टरांनी समजावलं. दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागेवरून पाहतात. त्या दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू जवळच्या वस्तूचं अंतर काढतो. एक डोळा गेला की हा हिशेब बंद पडतो. मग सावलीवरून, आकारावरून, मान हलवून अंदाज घ्यायला शिकावं लागतं. रबाळ्याच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासणं हेच माझं काम. घरी येऊन मी एक डोळा मिटला आणि पेनाला टोपण लावायला गेलो. टोपण पेनाच्या बाजूने निघून गेलं.

तिला चहाची फिकीर नव्हती. भाऊबीज जवळ आली होती. तिचा धाकटा भाऊ सारसोळ्याला राहतो, खाडीत होडी घेऊन जातो. आई लवकर गेली, त्याला हिनेच वाढवलं.

"कुंकू लावताना बोट त्याच्या डोळ्यात गेलं तर? यंदा लेकीला ओवाळू दे. मी बाजूला बसेन." हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मी टेप काढली. तिच्या हाताची लांबी मोजली, पाटाची आणि तिच्या बसण्याची जागा खडूने आखली. रोज संध्याकाळी मी पाटावर भाऊ होऊन बसायचो.

"नवऱ्याला भाऊ करायला लावताय, शोभतं का?" ती हसायची.

पहिल्या दिवशी कुंकू चष्म्यावर लागलं, मग नाकावर. एकदा तर कपाळाच्या अलीकडे, हवेतच लावून ती मोकळी झाली. हळूहळू जमलं. दोघं खुणांवर बसलो की बोट बरोबर टेकायचं.

भाऊबीजेला मेव्हणा लंगडत आला. होडीतून उतरताना गुडघा दुखावला होता.

"दाजी, पाटावर बसाला नाय जमनार. खुर्ची द्या."

खुर्चीमुळे उंची बदलली, अंतर बदललं. मी टेप आणायला उठलो.

"टेप कनाला? सदरा शिवाचा हाय काय माजा?"

बायकोने बोट कुंकवात बुडवलं, हात उचलला आणि थांबली. लेक ताम्हन घ्यायला पुढे झाली.

"बाय, तूच लाव," तो म्हणाला. "डोला फुटला तं फुटू दे. दोघांना मिलून दोन ऱ्हातील."

ती हसली. डावा हात पुढे करून तिने त्याचं डोकं मागून धरलं. लहानपणी भांग पाडताना असंच धरायची म्हणे. आपला एक हात कुठे आहे हे दुसऱ्या हाताला न बघताही कळतं. उजवं बोट सरळ गेलं आणि कपाळावर टेकलं.

कुंकू मधोमध नव्हतं, अर्धं बोट डावीकडे होतं. तो ते तसंच मिरवत सारसोळ्याला गेला.

खडूच्या खुणा मी दुसऱ्या दिवशी पुसल्या. आता चहा देताना ती आधी माझं मनगट धरते, मग कप हातात ठेवते. तिला शोधावं लागू नये म्हणून मी हात आधीच पुढे करून बसतो.