गाई थांबल्या त्या संध्याकाळी

वर्ला हॅस्किन्सचे दालचिनी रोल आणि तिची जीभ, दोन्ही मिल्डन गावात सगळ्यांनी चाखलेली. कॅन्ससमधल्या या गावाच्या शाळेत ती स्वयंपाक करायची. गुरुवारी तिखट राजमा आणि सोबत गोड रोल. आजची पोरं काय, त्यांचे आईबापही तिच्याच हातचं जेवलेले.

तिचा मुलगा ट्रॅव्हिस राज्याच्या गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यदलात, ढिगारे उचलायचा लोडर चालवायचा. चक्रीवादळ येऊन गेलं की अंधार पडायच्या आत त्याने रस्ता मोकळा केलेला असायचा. पण त्या वर्षी तो इराकमध्ये होता. लोडर, ट्रक, सगळं त्याच्याबरोबर गेलेलं. गार्डच्या आवारात गवत माजलं होतं.

त्याच्या निरोपाच्या जेवणाला ओर्लिन केनने घरचं लोणी पाठवलं होतं. ओर्लिन गवळी, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा. हे लोक शस्त्र हाती धरत नाहीत.

"लोणी छान आहे रे," वर्ला त्याला भर पंगतीत म्हणाली. "काहींची पोरं लढायला जातात, काहींच्या गाई वेळेवर पिळल्या जातात."

"गाईंना सांगतो तसं," ओर्लिन म्हणाला आणि जेवत राहिला.

मे महिन्यात दुपारी चक्रीवादळाचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की मिल्डनचे पुरुष तळघरात जात नाहीत. आभाळ बघायला ओसरीवर येतात. वर्लाने शाळेतून नवऱ्याला फोन लावला.

"डेल, ओसरीवर उभा आहेस ना?"

"नुसतं बघतोय गं."

"खाली जा. नाहीतर रात्री जेवण नाही."

तो गेला. वादळ सरल्यावर ती धावत घरी आली तेव्हा ओसरी उरलीच नव्हती, आणि अंगणातलं एल्मचं झाड तळघराच्या दारावर आडवं पडलं होतं. डेलचा आवाज तळघराच्या हवेच्या नळीतून येत होता.

"पाणी भरतंय, वर्ला. नळ फुटलाय. गुडघ्यापर्यंत आलं."

"फळीवर चढ."

"तिथे तुझ्या पीचच्या बरण्या आहेत. हात लावू नको म्हणतेस ना?"

अग्निशमन दलाचा वेन झाडाभोवती फिरून आला. "करवतीने रात्र जाईल. यंत्र हवं, आणि गार्डचं सगळं तिकडे. राज्याच्या राजधानीतून दुसरं यायला पहाट होईल."

"माझाच मुलगा चालवतो ते यंत्र," वर्ला म्हणाली. नळीतून आता डेलचे दात वाजताना ऐकू येत होते.

तेवढ्यात ओर्लिनचा ट्रॅक्टर आला. त्याने काही न विचारता बुंध्याला साखळी घातली. झाड कुरकुरलं, मग सरकलं. डेल छातीपर्यंत भिजलेला, दोन्ही काखांत एकेक बरणी घेऊन वर आला.

वर्लाने त्याला कोरड्या कांबळ्यात गुंडाळून वेनच्या गाडीत बसवलं आणि ओर्लिनकडे वळली. "तुला काय देऊ रे मी?"

"वीज गेलीय. दूध काढायचं यंत्र आता याच ट्रॅक्टरवर चालवायचं. गाई कधीच्या हंबरताहेत. दोन हात मिळाले तर बरं."

ती शाळेचा ॲप्रन न सोडताच ट्रॅक्टरवर चढली. गोठ्यात पहिल्याच, तांबड्या गाईने तिच्या नडगीवर लाथ घातली.

"सांगितलं होतं मी तिला," ओर्लिन शांतपणे म्हणाला. वर्ला हसता हसता रडली आणि सड पुसायला बसली.

रविवारी ट्रॅव्हिसचा फोन आला. "आई, आमचं सगळं तर इथे. बाबांना काढलं कुणी?"

तिने सांगितलं.

"घरी आलास की आधी त्याच्याकडे जा," ती म्हणाली. "संध्याकाळी, दूध काढायच्या वेळेला. आणि त्या तांबड्या गाईच्या मागे उभा राहू नकोस."